आजेसासूबाईंच्या डब्यातल्या चांदीच्या पाच वस्तू : काय आहेत, कुठल्या आहेत, कशा ओळखायच्या

ताई, आधी एक विनंती, मग उत्तर. त्या पाचही वस्तू आत्ता आहेत तशाच राहू द्या. उजळवायला देऊ नका, टूथपेस्टने घासू नका, आणि तो फॉइल आणि खायच्या सोड्याचा प्रकार तर अजिबात नको. तुम्ही लिहिलंय की "रविवारी सगळं चकचकीत करून मग फोटो काढते", ते वाचलं आणि लगेच लिहायला बसले, कारण तुम्हाला जे हवंय त्याचं निम्मं उत्तर त्या काळ्या पडलेल्या खाचांमध्ये आहे आणि एकदा ते धुतलं गेलं की परत आणता येत नाही.

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. ठाकुरद्वारची खोली रीडेव्हलपमेंटसाठी रिकामी करताना आजेसासूबाईंच्या पितळी डब्यात पाच बारीक वस्तू निघाल्या. एक काड्यापेटीएवढी चपटी डबी, खालच्या कडेला बारीक दाते आणि बाजूला छोटी कडी. दुसरी त्याहून लहान डबी, आत सोनेरी जाळीचं दुसरं झाकण आणि जाळीत लाल भुकटी, झाकणात आतून बारीक शिक्के, त्यात एक सिंह वाटतोय. तिसरं होडीच्या आकाराचं काहीतरी, एका टोकाला चोच, तळाशी टिंबांनी कोरलेलं नाव आणि १८३१ हा आकडा. चौथी दोन झाकणांची डबी, साखळीसकट, वरती दाट वेलबुट्टी, एका कप्प्यात पांढरं कडक काहीतरी चिकटलेलं. पाचवं म्हणजे एका कडीत अडकवलेल्या तीन काड्या. झवेरी बाजारात दाखवलं तर काउंटरवरच्या माणसाने सगळं एकत्र तराजूत टाकून मोडीचा भाव सांगितला. आणि तुमची लेक न्यू जर्सीला असते, तिला यातलं एखादं द्यायचंय.

मी जुन्या चांदीची ओळख पटवायचं आणि व्हॅल्युएशनचं काम बरीच वर्षं करते, घरातच हा धंदा होता. वस्तू हातात न घेता शंभर टक्के कोणी सांगू शकत नाही, मीसुद्धा नाही, वजन, बिजागरी, कडांची झीज हे हातालाच कळतं. पण तुम्ही वर्णन इतकं नीट केलंय की बरंच सांगता येईल.

"हे काय आहे" या एका प्रश्नात खरं तर तीन प्रश्न असतात. वस्तू बनवली कशासाठी, आपल्या घरात वापरली कशासाठी आणि बनली कुठे. लोक थेट तिसऱ्यावर उडी मारतात, शिक्का शोधतात, शिक्का नाही म्हटल्यावर नाराज होतात. मी उलट्या बाजूने जाते. आधी काम ओळखायचं, मग घरातला वापर, मग गाव. कारण आपल्याकडे शिक्का नसणं हीच रीत होती, चांदीवर सरकारी हॉलमार्क इथे २००५ मध्ये आला आणि तोही ऐच्छिक, त्यामुळे पणजीच्या काळातल्या देशी वस्तूवर शिक्का नाही म्हणून ती कमअस्सल ठरत नाही.

दोन नंबरच्या डबीपासून सुरुवात करते कारण तीच सगळ्यात बोलकी आहे. तुमच्या घरात सगळे तिला कुंकवाची डबी म्हणतात आणि घरापुरतं ते खरंच आहे, जाळीत अडकलेली लाल भुकटी हा त्याचा पुरावा. पण कुंकवाच्या डबीला आत जाळी कोण कशाला करेल? आपला करंडा बघा, कोयरी बघा, बोट किंवा काडी आत गेली पाहिजे म्हणून ती मोकळी असते. जाळी करतात ती आतली वस्तू बाहेर पडू नये पण वास मात्र यावा म्हणून. वर्णनावरून ही विलायती व्हिनेग्रेट आहे. सुवासिक व्हिनेगरमध्ये भिजवलेला स्पंजचा तुकडा जाळीखाली ठेवायचा आणि रस्त्यातली घाण, गर्दीचा वास नको झाला की झाकण उघडून हुंगायचं. अठराव्या शतकाच्या शेवटापासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत याची फार चलती होती. आता तो सोनेरी रंग. तो शोभेसाठी नाहीये, व्हिनेगरमधल्या आम्लाने चांदी खराब होऊ नये म्हणून आतून सोन्याचा मुलामा देत. म्हणून माझी रीत अशी की जाळी आणि आतला मुलामा दोन्ही एकत्र दिसले की पहिला अंदाज व्हिनेग्रेट, मग जाळीला स्वतःची बारीक बिजागरी आहे का ते बघायचं, असली तर जवळजवळ पक्कं.

आता त्यावरचे शिक्के. भिंग घ्या, मोबाइलचा मॅक्रो कॅमेराही चालेल. चालता सिंह म्हणजे स्टर्लिंग, हजारात ९२५ भाग चांदी. शेजारी नांगर असेल तर बर्मिंगहॅम, आणि अशा बारीक डब्यांचं मोठं केंद्र तेच होतं. नांगर बघून लोकांना वाटतं जहाजावरची वस्तू आहे, तसं काही नाही, ते गाव समुद्रापासून चांगलंच आत आहे, नांगर ही नुसती तिथल्या तपासणी कचेरीची खूण, ही कचेरी १७७३ मध्ये सुरू झाली. बिबट्याचं तोंड असेल तर बहुधा लंडन. मग राजाचं किंवा राणीचं डोकं आहे का बघा, ते कर भरल्याची खूण म्हणून मारत आणि १८९० मध्ये तो कर गेला तसं डोकंही गेलं. डावीकडे बघणारं डोकं बहुतेक वेळा व्हिक्टोरिया राणीचं, उजवीकडे बघणारं तिच्याआधीच्या राजांपैकी कोणाचं तरी. डोकं नसेल तर लगेच "१८९० नंतरची" असं मात्र धरू नका, फार हलक्या वस्तूंना काही शिक्के माफ होते. उरलेलं एक अक्षर म्हणजे साल, दर वर्षी बदलायचं. ते अक्षर एकटं वाचून उपयोग नाही, कारण तीच बाराखडी दर पंचवीसएक वर्षांनी परत यायची, फरक असतो अक्षराच्या वळणात आणि भोवतीच्या चौकटीच्या आकारात. म्हणून फोटोत चौकट आलीच पाहिजे, आणि पॉलिशवाल्याच्या बफिंग व्हीलखाली सगळ्यात आधी जाते तीच.

मग ही ठाकुरद्वारला आली कशी? ते तुमच्या घरच्यांनाच माहीत असणार. फोर्टातल्या दुकानांत विलायती चांदी मिळायची, साहेब लोक परत जाताना सामान विकून जात, भेटवस्तू मिळत, चोरबाजार होताच. आजेसासूबाईंनी किंवा त्यांच्या सासूबाईंनी एक परकी डबी घेतली आणि तिला कुंकवाचं मानाचं काम दिलं. मला हे फार मोलाचं वाटतं. ती भुकटी काढू नका, हात जोडून सांगते. विलायतेत अशा डब्या बऱ्याच मिळतील, गिरगावातलं कुंकू असलेली एवढी एकच.

पहिली चपटी डबी सोपी आहे. खालचे दाते म्हणजे काडी ओढायची जागा, इंग्रजीत याला व्हेस्टा केस म्हणतात. पूर्वीच्या काड्या कशावरही घासल्या की पेटायच्या, खिशात आपोआप पेटू नयेत म्हणून घट्ट झाकणाची धातूची डबी लागायची. कडी घड्याळाच्या साखळीला अडकवण्यासाठी. साधारण १८५० नंतर ते पहिल्या महायुद्धाच्या आसपासपर्यंतचा काळ, पुढे लायटर आले आणि ही मागे पडली. दात्यांवर बोट फिरवा, मधले दाते कडेच्या दात्यांपेक्षा गुळगुळीत झाले असतील तर खरंच वापरलेली. झाकणावर मधे रिकामी गोल जागा किंवा कोरलेली आद्याक्षरं असतात तीही बघा, कोर्ट आणि बाँड पेपरच्या जमान्यातले कोणी वकील किंवा कारकून आजोबा सापडतील. हिच्यावरही नांगर आणि सिंह मिळायची शक्यता चांगली आहे, झाकणाच्या आतल्या कडेला बघा, बाहेर शोधत बसू नका.

आता ती होडी. तुम्ही लिहिलंय की दीर म्हणतात दिवा आहे आणि १८३१ सालचा म्हणजे जवळजवळ दोनशे वर्षं जुना. मला दोन्ही पटत नाही. दिवा असता तर चोचीच्या टोकाला वात टेकायला खाच असती, आत तेलाचा चिकट थर असता, टोक काळवंडून खरबरीत झालं असतं. तुमच्या वर्णनात चोच बारीक आहे, कड बाहेरून गोल वळवलेली आहे आणि आतून कुठे सांधा दिसत नाही. हे बोंडलं आहे ताई, तान्ह्या बाळाला दूध, गुटी पाजायचं. बाळाच्या ओठाला चांदीची धार लागू नये म्हणून सोनार ती कड दुमडून, घासून, बोटाला लोण्यासारखी लागेपर्यंत गुळगुळीत करायचा. तुम्ही डोळे मिटून करंगळी फिरवून बघा चोचीवरून, लगेच कळेल. आणि चोचीच्या खाली बारीक पोचे असतील तर ते खराबी म्हणून ठोकून घेऊ नका, दात येताना मुलं चावतात, चांदी मऊ असते. असे पोचे मी खूप बघितलेत आणि प्रत्येक वेळी ते घरच्यांना सांगताना आनंद होतो.

१८३१ हे इसवी सन नाही. आकडे देवनागरी आहेत आणि नाव मराठी आहे म्हटल्यावर तो शके धरायचा, त्यात ७८ मिळवा, १९०९ येतं, वर्ष चैत्रापासून सुरू होत असल्याने जानेवारी ते मार्चमधलं असेल तर १९१०. आता घरात त्या सुमारास कोण जन्मलं ते शोधा, तळाशी कोरलेलं नाव बाळाचं असेल किंवा आहेर देणाऱ्या आजोळचं. एक नक्की, टिंबांचं नाव मालकाचं किंवा देणाऱ्याचं असतं, बनवणाऱ्या सोनाराचं नव्हे, यात लोक फार गोंधळतात. असाच घोळ गुजराती वस्तूंवर होतो, १९६५ वाचलं की लोक म्हणतात "अहो हे तर आमच्या लग्नाच्या वेळचं", पण तो विक्रम संवत असतो, त्यातून ५७ वजा करा म्हणजे १९०८ च्या आसपास पोचता. पारशी घरातल्या चांदीवर यझदेगर्दी साल सापडलं तर ६३० मिळवायचे. मुंबईत एकाच मजल्यावर चार पंचांगं नांदायची, त्यामुळे आकडा वाचायच्या आधी लिपी बघायची, लिपी बघायच्या आधी घर विचारायचं.

बोंडलं कुठलं? बहुधा इथलंच, गिरगाव-भुलेश्वरच्या पट्ट्यातल्या सोनाराचं किंवा आजोळ जिथे असेल तिथलं, यापलीकडे सांगणं म्हणजे थापा मारणं होईल. कधी पुढे मशीनवर टंच, म्हणजे चांदीचं शेकडा प्रमाण, काढलात आणि तो ९१-९२ च्या आसपास आला तर एक शक्यता उरते, चांदीचे रुपये आटवून केलेलं. जुना रुपया म्हणजे एक तोळा, ११.६६ ग्रॅम, आणि त्यात ९१.६७ टक्के चांदी, ती १९४० मध्ये निम्म्यावर आणली. घरचे रुपये देऊन वस्तू घडवून घ्यायची पद्धत होतीच. पण ही शक्यता, पुरावा नव्हे.

दोन झाकणांची डबी म्हणजे चुनाळं, एका बाजूला चुना आणि दुसऱ्या बाजूला तंबाखू किंवा कात. पांढरं कडक आहे तो चुना, हवेने इतक्या वर्षांत त्याचा खडू झालाय. खात्री करायची तर टाचणीने कणभर खरवडून वेगळ्या वाटीत घ्या आणि त्यावर लिंबाचा थेंब टाका, फसफसलं की चुना. लिंबू डबीवर टाकायचं नाही, कण बाहेर काढून मगच. दाट वेलबुट्टीबद्दल तुम्ही विचारलंय कच्छी का. असू शकेल. कच्छच्या कामात पानाफुलांच्या वेली इतक्या दाट असतात की मधे रिकामी जागा म्हणून सोडत नाहीत, आणि कच्छी व्यापारी मुंबईत भरपूर, त्यामुळे ती चांदी इथे घरोघर फिरली. भूजचे उमरशी मावजी हे या कामातलं मोठं नाव, त्यांच्या वस्तूंवर रोमन लिपीत ओ. एम. असा ठसा सापडतो. पण ठसा नसलेलं कच्छी काम कितीतरी आहे, आणि ठशाला भाव येतो म्हटल्यावर नंतर मारलेले ठसेही बाजारात आहेत. मद्रासकडचं काम देवांच्या मूर्तींवरून ओळखतात, लखनौचं जंगल आणि शिकारीच्या देखाव्यावरून, काश्मिरी बारीक पानांवरून. पण नक्षी ही सगळ्यात शेवटची साक्ष, कारण कारागीर गाव सोडतात आणि चांगली नक्षी कोणीही उचलतो. झाकण उघडून आतली बाजू बघा, बाहेरच्या उठावाचा खळगा आत दिसतोय, तोही थोडा वेडावाकडा, तर हाताने ठोकलेलं, आणि सगळी फुलं अगदी हुबेहूब एकसारखी तर साच्यातलं.

तीन काड्यांचं फार लिहित नाही, टोकाला इवलासा चमचा ते कानकोरणं, टोकदार ते दातकोरणं, चपटं ते नखांसाठी. किल्ल्यांच्या छल्ल्याबरोबर कमरेला असायचं. हे जगभर बनलंय, त्यामुळे शिक्का किंवा नाव नसेल तर गावाचा नाद सोडा.

वस्तूचा आकार बघून अंदाज बांधताना घर विचारणं किती महत्त्वाचं आहे ते सांगते. अंड्याच्या आकाराची, दोन्ही बाजूंना शिंगांसारखी टोकं असलेली चांदीची डबी बाजारात हमखास "तपकिरीची डबी" म्हणून विकली जाते. ती लिंगायत घरातली इष्टलिंग ठेवायची डबी असते, टोकांतून दोरी ओवून गळ्यात घालायची. कोणाच्या तरी आयुष्यभराच्या पूजेची वस्तू तपकिरीच्या नावाखाली शोकेसमध्ये बघितली की जीव तुटतो.

ही चांदी आहे की नाही हे घरी बघता येतं. लोहचुंबक फक्त लोखंड पकडेल, जर्मन सिल्व्हर नाही पकडणार, आणि खरी फसगत तिथेच होते, कारण जर्मन सिल्व्हर म्हणजे तांबं, जस्त, निकेल, चांदी शून्य. ई.पी.एन.एस. अशी अक्षरं दिसली तर त्यावर नुसता चांदीचा मुलामा. पक्कं बघायचं तर दागिन्यांचा बारीक वजनकाटा घ्या. आधी वस्तूचं वजन. मग काट्यावर पाण्याची वाटी ठेवून शून्य करा, वस्तू दोऱ्याने पूर्ण बुडेल अशी लटकवा, तळाला कडेला टेकू देऊ नका. आता जो आकडा येईल त्याने वजनाला भागा. समजा वस्तू ३१ ग्रॅमची आणि पाण्यात आकडा ३ आला, भागाकार १०.३, चांदी. आकडा ३.६ आला तर ८.६, म्हणजे जर्मन सिल्व्हरसारखं काहीतरी. पण हे फक्त बोंडल्यावर आणि काड्यांवर करा. कुंकवाच्या आणि चुन्याच्या डबीला पाणी लावायचं नाही, व्हेस्टाच्या बिजागरीत पाणी अडकतं. पोकळ किंवा लाख भरलेल्या ताईतासारख्या वस्तूंना हा हिशोब लागूच पडत नाही.

मोडीत देऊ नका हे वेगळं सांगायला नको. काउंटरवरच्या माणसाचीही चूक नाही, त्याचा धंदा वजनाचा आहे, तो घट धरून चांदीचाच भाव सांगणार. कोणी "आधी तेजाबात टाकून बघतो" म्हणालं तर मात्र वस्तू उचला आणि निघा.

लेकीला द्यायचं त्याबद्दल. आपल्याकडे १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे, शंभर किंवा जास्त वर्षं जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू धरली जाते आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही, सामानात घालूनही नाही. शके १८३१ चं बोंडलं त्यात बसतं, व्हिनेग्रेट विलायती असली तरी वयाने बसेल. व्हेस्टाचं साल वाचल्याशिवाय सांगता येणार नाही. शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या मुंबई मंडळाकडे विचारा, त्यांची कचेरी सायन किल्ल्यावर आहे, वस्तू पुरावस्तू नाही असा दाखला तेच खातं देतं. मला विचाराल तर बोंडलं इथेच ठेवा, लेकीला बाळ झालं आणि ती माहेरी आली की त्यातूनच गुटी पाजा.

ठेवताना प्रत्येक वस्तू वेगळ्या जुन्या, धुतलेल्या मलमलमध्ये गुंडाळून झिपच्या पिशवीत. रबरबँड लावू नका, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते, वर्तमानपत्र आणि लोकरही नको. तुलना करायला वस्तू बघायच्या असतील तर भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, पुण्याला गेलात तर केळकर संग्रहालयात अडकित्ते आणि पानाचं सामान डोळे भरून बघा.

आता मला हे फोटो पाठवा, सगळे दिवसाउजेडी खिडकीजवळ, फ्लॅश नको, शेजारी पट्टी ठेवून. व्हिनेग्रेटच्या झाकणातले, तळाचे आणि जाळीवर असतील तर तेही शिक्के, अगदी जवळून, चौकटीसकट. व्हेस्टाच्या झाकणाची आतली कड. बोंडल्याचा तळ, उजेड बाजूने पडेल असा धरून, म्हणजे टिंबं उठून दिसतील, आणि चोच वरून व खालून. चुनाळ्याचं झाकण आतून-बाहेरून. प्रत्येकाचं वजन ग्रॅममध्ये. आणि सासूबाई किंवा घरातलं कोणी मोठं माणूस असेल तर त्यांना आजच बसवून विचारा की आजेसासूबाईंचं माहेर कुठलं आणि बोंडल्यावरचं नाव कोणाचं, ते उत्तर आलं की पुढचं मी सांगते.